दीड गुंठ्यातला दिलासा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल टिटवाळा सोडते, की पुढचे स्टेशन खडवली. सुट्टीच्या दिवशी इथे उतरणारी मंडळी बहुधा भातसा नदीकडे जातात. आम्ही मात्र गेली तीन वर्षे नदीकडे पाठ करून चालतो. तिकडे आमच्या मामूंच्या घरामागे दीड गुंठ्याचा एक तुकडा आहे. दीड गुंठा म्हणजे जेमतेम सोळाशे चौरस फूट. पूर्वी तिथे फुटकी कौले, जुने टायर आणि टणटणीची झुडपे होती. आता आठ वाफे आहेत, एक मांडव आहे, दोन पिंपे आहेत आणि सावलीत एक बाकडे आहे.

भाजी पिकवणे हा या जागेचा मूळ हेतू नव्हता. आमच्या ओळखीच्या तीन घरांत एकेक माणूस खोलीत जाऊन बसले होते आणि बाहेर येत नव्हते. त्यांना बाहेर कसे काढायचे, एवढाच प्रश्न होता.

पहिला एक तरुण. सव्वीस वर्षांचा. भिवंडीला गोदामात हिशेब लिहायचा. लॉकडाऊनमध्ये काम सुटले आणि पुढे त्याला आवाज ऐकू येऊ लागले. घरच्यांना आधी वाटले, काही असर झालाय. तावीज झाले, दम केलेले पाणी झाले. सव्वा वर्ष असेच गेले. मग कुणीतरी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. गोळ्या सुरू झाल्या, आवाज मंदावले. पण मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याची अम्मी म्हणायची, "आजार गेला सर, पण पोरगा परत नाही आला."

दुसऱ्या आमच्या लांबच्या एक खाला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. इद्दत संपली, तरी खालांनी उंबरा ओलांडला नाही. तिसरे रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला होता. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी एक दिवस खिडकीतून फेकून दिला.

तपासणीच्या वेळी त्या तरुणाच्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितले होते. गोळ्या आम्ही देतो, सकाळी उठायला कारण तुम्ही द्या. आम्ही शाळेत शिकवतो आणि शाळेची परसबाग आमच्याकडेच आहे. मुले वर्गात गप्प आणि वाफ्यापाशी बोलकी होतात, हे आम्ही बरीच वर्षे पाहत आलो. जे मुलांना लागू पडते ते मोठ्यांना का पडू नये, एवढ्या भांडवलावर आम्ही मामूंकडे जागा मागितली.

पहिले चाळीस दिवस

सुरुवात ऑक्टोबरमध्ये केली. पाऊस ओसरलेला, जमिनीत ओल, ऊन अजून सोसवणारे. पहिली निवड मेथीची. कारण सोपे आहे. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवते आणि महिन्याभरात काढायला येते. ज्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे, त्याच्या हातात आंब्याची कोय देऊन सात वर्षे थांब म्हणता येत नाही. त्याला या आठवड्यात काहीतरी उगवलेले दिसले पाहिजे.

चाचांसाठी विटा रचून कमरेइतका उंच वाफा केला. वाकावे लागत नाही, आणि डावा हात कडेवर टेकून उभे राहता येते. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे पकड सुटत नाही. त्यांच्याकडे धणे रगडायचे काम दिले. पेरण्यापूर्वी धणा रगडून त्याचे दोन भाग करावे लागतात, हे आपल्या सगळ्या गृहिणींना ठाऊक आहे. रबरी चेंडू पाच मिनिटांत फेकणारे चाचा उजव्या तळव्याखाली धणे घेऊन अर्धा अर्धा तास बसू लागले. व्यायाम तोच, पण त्यातून कोथिंबीर निघणार होती.

खाला पहिले दोन आठवडे आल्याच नाहीत. मग त्यांच्याकडे निरोप पाठवला, की वाल कसा लावायचा ते आम्हाला कळत नाही. हे खोटे नव्हते. खालांचे माहेर मुरबाडकडचे, भात कापल्यावर उरल्या ओलीवर वाल टाकणारे घर. एका दिवशी असरनंतर त्या आल्या, आम्ही खणलेले आळे पाहून म्हणाल्या, "इतकं खोल? वाल पेरताय की विहीर खणताय?" सहा महिन्यांत त्यांचे इतके मोठे वाक्य कुणी ऐकले नव्हते.

त्या तरुणाला झारीचे काम दिले. रोज सकाळी सात वाजता, आठ वाफे, प्रत्येकी दोन झाऱ्या. वहीत वेळ लिहायची. हिशेब लिहिण्याची त्याला सवय होतीच. पहिल्या आठवड्यात तो तीन दिवस आला, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात सहा.

ही नवी कल्पना नाही

रोग्याला झाडापाण्याजवळ ठेवावे, हे जुने शहाणपण आहे आणि त्यात आपल्या इतिहासाचाही वाटा आहे. सुलतान बायझीद दुसरा याने तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात बांधलेला दवाखाना 1488 मध्ये उभा राहिला. मधोमध घुमट, त्याखाली कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी याने तिथले वर्णन लिहून ठेवले आहे. मनोरुग्णांना ठरावीक दिवशी संगीत ऐकवत आणि वसंतात सुगंधी फुले देत, असे तो सांगतो. ती इमारत आज संग्रहालय म्हणून पाहता येते. त्याच काळात जगात अनेक ठिकाणी अशा रुग्णांना साखळ्यांत बांधून ठेवत असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारंज्याची किंमत कळते.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वात मोठे उदाहरण आनंदवनाचे. 1949 मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर साधनाताई आणि काही कुष्ठरुग्ण यांना घेऊन ते राहायला गेले. ज्यांना गावाने बाहेर काढले होते, ज्यांच्या हाताची बोटे झडली होती, त्यांनी तिथे विहीर खणली आणि भाजी पिकवली. भीक नको, काम हवे, हा बाबांचा आग्रह होता.

पण त्या कथेचा पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. भाजी पिकली, तेव्हा ती घ्यायला गावातले लोक तयार नव्हते. कुष्ठरुग्णाने लावलेले वांगे कोण खाणार? पुढे 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण तिथे श्रमदानाला येऊन राहिले. ते तीच भाजी खाताना लोकांनी पाहिले, आणि मग हळूहळू भीती सुटू लागली. पिकवणाऱ्याचे मन निम्मे बरे होते मातीत. उरलेले निम्मे बरे होते, त्याने पिकवलेले कुणीतरी खाल्ल्यावर.

हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. त्याचा अर्थ खडवलीत कळला.

उकिरड्यावरची जुडी

पहिली मेथी निघाली त्या दिवशी तरुणाने स्वतः जुड्या बांधल्या. अकरा झाल्या. त्या वाटून येतो म्हणाला. आम्हाला आनंद झाला. तो आपणहून लोकांच्या दारात जाणार होता. सर्वांनी जुड्या घेतल्या, कुणी नाही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला येताना त्याला गल्लीच्या टोकाशी उकिरड्यावर त्यातल्या दोन जुड्या दिसल्या. त्याने बांधलेला केळीचा सोपही सुटलेला नव्हता.

त्यानंतर तो आठ दिवस आला नाही. वहीतले ते आठ रकाने अजून कोरे आहेत.

इथे आमचीही एक कबुली लिहिली पाहिजे. आमच्या घरी आलेली जुडीसुद्धा त्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर तशीच पडून होती. कुणी काही बोलले नाही, पण कुणी ती निवडायलाही घेतली नाही. मनाचा आजार हाताने लागत नाही, हे वर्गात शिकवणारे आम्ही. तरी निवडायला बसायला आम्हाला दुपार झाली. म्हणून ज्यांनी जुड्या टाकल्या त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. भीती शिकलेल्या घरातही असते, फक्त ती नीट झाकलेली असते.

खाला त्याच्या घरी गेल्या. त्यांनी त्याला समजावले वगैरे काही नाही. म्हणाल्या, "तुझा पुदिना सुकतोय. मला दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावता येत नाही, नियम आहे." नियम आमचाच होता. ज्याचा वाफा त्याचा. नवव्या दिवशी तो आला.

पुढे रमजान आला. मोहल्ल्यातल्या मशिदीत इफ्तार असतो. खालांनी त्या पुदिन्याची चटणी वाटून पाठवली. इमामसाहेबांना हकिगत ठाऊक होती. रोजा सोडल्यावर त्यांनी पहिला घास त्याच चटणीबरोबर घेतला आणि शेजारी बसलेल्यांना सहज सांगितले, की हा पुदिना अमक्याच्या हातचा आहे, बघा कसा सुगंध आहे. बस, एवढेच. मुलगा मागच्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी एका घरातून निरोप आला, पुदिना आहे का? आम्ही विचारले नाही, पण आमचा अंदाज आहे, उकिरड्यावरच्या जुड्यांपैकी एक त्याच घरची होती.

झाड लावणे आणि पेरणे, आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाणे, हे लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही त्याचा विचार नेहमी देणाऱ्याच्या बाजूने केला. पण घेणाऱ्याने ते प्रेमाने खाल्ले नाही, तर देणाऱ्याचे काय होते, हे त्या आठ कोऱ्या रकान्यांनी शिकवले.

मातीत नेमके काय घडते?

हा केवळ भावनेचा मामला नाही. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ही झाली नुसती पाहण्याची गोष्ट.

2011 मध्ये नेदरलँड्समध्ये 30 बागप्रेमींना आधी मुद्दाम ताण येईल असे काम दिले. मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम आणि निम्म्यांना अर्धा तास वाचन. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसोल दोन्ही गटांत उतरले, पण बागेत काम करणाऱ्यांत अधिक. आम्ही शिक्षक असल्यामुळे वाचन हरले याचे थोडे वाईट वाटले, पण खरे ते खरे.

आमच्या प्रयोगाला सर्वात जवळचा अभ्यास अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला. पूर्वी बागकाम न करणारे 291 प्रौढ घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला सामुदायिक बागेत जागा, बियाणे, रोपे आणि शिकवणारे माणूस दिले. दुसऱ्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला सांगितले. बाग मिळालेल्यांच्या जेवणात तंतुमय पदार्थ रोज सुमारे 1.4 ग्रॅमने जास्त गेले, हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. सुरुवातीला जे जास्त चिंताग्रस्त होते त्यांना फायदाही जास्त झाला.

यात एक गोष्ट नीट पाहावी. त्या लोकांच्या हाती नुसती जमीन दिली नव्हती. बी होते, शिकवणारे होते, शेजारी होते. एकट्याने कुंडीत तुळस किंवा मोगरा लावणे चांगलेच, पण खोलीत बसलेल्या माणसाला आधाराची बाग लागते. ऊन मिळते, हातपाय हलतात, थकल्यामुळे झोप येते, हे शरीराचे फायदे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाला तरी आपली वाट पाहायला लावणे. माणसे वाट पाहतात तेव्हा आजारी माणसाला संकोच होतो. रोप वाट पाहते तेव्हा संकोच होत नाही. आणि रोपाशी बोलायचे निमित्त करून माणसे शेजाऱ्याशी बोलू लागतात.

बाग म्हणजे गोळी नव्हे

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात त्या तरुणाला फार बरे वाटू लागले. इतके, की कुणाला न सांगता त्याने गोळ्या बंद केल्या. वाफे हिरवेगार, त्याच्या काकडीचा वेल मांडवावर चढलेला. तिसऱ्या आठवड्यात आवाज परतले. रुग्णालयात ठेवावे लागले.

हा दोष आमचा. आम्ही वहीत पाण्याची वेळ लिहीत होतो, गोळ्यांची विचारपूस करत नव्हतो. बाग चांगली चालली आहे, म्हणजे माणूस बरा आहे, अशी आमची समजूत झाली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याच्या अम्मीशी बोलणे आणि डॉक्टरांच्या तारखेला कुणीतरी सोबत जाणे, हेही बागेच्या कामात धरले आहे. दुआ हवी, दवा हवी, बाग हवी. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

तो रुग्णालयात असताना काकडीचा वेल वाऱ्याने खाली आला. ज्याचा वाफा त्याचा हा नियम खालांनी स्वतः मोडला आणि सुतळीने वेल पुन्हा बांधला. तीन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा त्यांनी विचारपूस केली नाही. खुरपे हातात दिले आणि म्हणाल्या, "गवत बघ किती माजलंय."

तुम्हाला सुरू करायचे असेल तर

जागेचा बाऊ करू नका. मशिदीचे किंवा शाळेचे आवार, इमारतीची गच्ची, कुणाचे परस, काहीही चालते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. तिथे जमीन नव्हतीच. मशिदीतल्या वुजूच्या पाण्यात सहसा साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी वाफ्याकडे वळवता येते.

चार-पाच माणसांपासून सुरू करा. प्रत्येकाला स्वतःचा एक वाफा, फार तर चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंच वाफा, बसायला बाकडे, प्यायला पाणी आणि जवळ स्वच्छतागृह हवेच. स्वच्छतागृह नसेल, तर बायका आणि वृद्ध येणार नाहीत, आणि कारणही सांगणार नाहीत. घरातल्या बायकांना सोयीची वेळ विचारून ठरवा. आमच्याकडे असर ते मगरिब ही वेळ जमली.

पहिल्या हंगामात मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर, पुदिना. पावसाळ्याच्या तोंडाशी काकडी, दोडका, दुधी, भेंडी. वर सुकलेल्या पाल्याचे आच्छादन, खाली शेणखत. फवारणीची औषधे अशा बागेत नकोतच. निंबोळीचा अर्क पुरतो.

काळजीही घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे ना ते पाहा. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवा, आपल्या भागात साप निघतातच. पिंपांवर झाकण ठेवा, नाही तर डेंग्यूचे डास होतात. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी ऊन सोसत नाही, काहींमध्ये शरीरातले पाणी कमी होणे धोक्याचे असते. म्हणून डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा. कुणी अगदीच खचलेले दिसले, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर बागेची वाट पाहू नका. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

आणि शेवटचा नियम. बागेत आलेल्याला आजाराबद्दल विचारू नका. भेंडी कशी आली, तेवढे विचारा.

चाचांचा हात पूर्ण सुधारलेला नाही. पण आता ते उजव्या हाताने घास तोंडापर्यंत नेतात. खाला आठवड्याच्या बाजाराला जाऊ लागल्या आहेत, वालाचे बी चार घरांत वाटून झाले आहे. तो तरुण अजून गोळ्या घेतो, पुढेही घ्याव्या लागतील. सकाळी बागेत येतो आणि दुपारी एका किराणा दुकानात हिशेब लिहितो.

मागच्या शुक्रवारी आम्ही शाळेतून थेट बागेत गेलो. दुपारचे दोन वाजले होते. मिरचीची पाने माना टाकून उभी दिसली, म्हणून झारी उचलली. मागून आवाज आला, "सर, भर उन्हात पाणी नका घालू. संध्याकाळी आपोआप उभी राहतात ती. तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

आम्ही झारी खाली ठेवली.

तुमच्याही मोहल्ल्यात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेले असेल. नाव तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये मेथीचे बी महाग नसते. चार फुटांचा एक वाफा करा, त्यांच्या दारात जाऊन सांगा की पाणी घालायला माणूस हवे आहे. आणि पहिली जुडी आली की ती त्याच दिवशी निवडायला घ्या. ओट्यावर दुपारपर्यंत ठेवू नका.